क्रमशः : छोट्या आगगाड्या आणि पुढच्या अंकाची वाट

ब्रिटनमध्ये ‘मॉडेल रेल्वे जर्नल’ नावाचं एक मासिक निघतं. मासिक म्हणायचं ते सवयीने. प्रत्यक्षात वर्षाकाठी सहा-आठ अंक निघतात आणि पुढचा नेमका कधी येईल हे छातीठोकपणे कुणी सांगत नाही. अंकाची ओळख महिन्याने नव्हे, क्रमांकाने असते. १९८५ साली ते सुरू झालं तेच मुळी शून्य क्रमांकाच्या अंकाने. वाचक बहुतेक चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले. डोळ्यांना भिंग आणि हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन पितळी पत्र्यातून बोटभर इंजिनं घडवणारे. अंक लांबला की ही मंडळी कुरकुरतात, एकमेकांना विचारतात, दुकानदाराकडे चौकशी करतात. पण मासिक घेणं सोडत नाहीत.

तयार गाड्या दुकानात मिळतात आणि नव्या इंजिनाची बातमी फोनवर त्याच दिवशी येते, तरी कागदी अंकासाठी जीव टांगणीला लागतो. ही सवय एका दिवसात जडलेली नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत छोट्या रेल्वेच्या नादी लागलेली प्रत्येक पिढी पुढच्या अंकाची वाट पाहत आली. फक्त दर पिढीला हवं होतं ते निराळं. कुणाला नकाशा हवा होता, कुणाला माप, कुणाला दुसऱ्याच्या माळ्यावर डोकावायचं होतं. आणि दोन अंकांच्या मधल्या काळात कुणीच रिकामं बसलेलं नव्हतं.

सुरुवात मासिकाने नाही, अपुऱ्या खेळण्याने झाली. जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावची मेर्कलिन ही १८५९ साली स्थापन झालेली कंपनी बाहुल्यांच्या घरासाठी पत्र्याची भांडीकुंडी करायची. भातुकलीचा धंदा करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : चूल घेतली की कढई लागते आणि कढई आली की झारा लागतो. १८९१ च्या लाइपझिगच्या वसंत जत्रेत मेर्कलिनने हेच गणित आगगाडीला लावलं. चावीची गाडी, जोडत जाता येतील असे रुळांचे तुकडे, आणि दोन रुळांमधल्या अंतरांना, म्हणजे गेजला, ठरावीक क्रमांक. त्याआधीही पत्र्याच्या आगगाड्या होत्या, पण त्या एकेकट्या. जमिनीवर सोडली की गाडी थेट कपाटाखाली. आता या नाताळात रूळ, पुढच्या नाताळात गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा, त्यापुढच्या वर्षी स्टेशन, असा संसार वाढू लागला. या छंदातली पहिली वाट दुकानदाराने लावली. खेळणं कधी पुरं होऊच नये, याची तजवीज तेव्हाच झाली.

मोठ्यांची वाट वेगळ्या कारणाने सुरू झाली. १८९८ च्या जानेवारीत लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी ‘द मॉडेल इंजिनिअर अँड अमॅच्युअर इलेक्ट्रिशियन’ काढलं. नावावरूनच कळतं की वाफ आणि वीज या दोन नवलाईच्या गोष्टी घरच्या घरी करून पाहणाऱ्यांसाठी ते होतं. दिवसा कारखान्यात किंवा कचेरीत राबायचं आणि संध्याकाळी परसातल्या खोपटात लेथवर बसायचं, असा हा वाचक. त्याला गाडी विकत घ्यायची नव्हती, करायची होती. आणि करायला मोजमापांचा नकाशा लागतो. खऱ्या इंजिनांची कामाची रेखाटनं रेल्वे कंपन्यांच्या कपाटांत बंद. शिवाय ती मिळाली तरी जशीच्या तशी लहान करून चालत नाहीत. पत्र्याची जाडी, नळीचा व्यास, स्क्रूचे आटे यांना हवं तेवढं लहान करता येत नाही, आणि वाफ लहान बॉयलरमध्ये निराळी वागते. हे सगळं जमवून कुणीतरी नवं रेखाटन करावं लागतं. ते अंकात यायचं. मागणी वाढत गेली तसं मार्शल यांचं मासिक पुढे साप्ताहिक झालं. त्यांच्याच पुढाकाराने १८९८ मध्ये लंडनला ‘सोसायटी ऑफ मॉडेल इंजिनिअर्स’ही निघाली. म्हणजे वाचक एकमेकांना भेटू लागले ते अंकाच्या पानांवरून उठून.

नॉर्थहॅम्प्टनचे वेनमन बॅसेट-लोक यांनी या वाचकवर्गात धंदा पाहिला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी जर्मन खेळणीवाल्यांचं काम पाहिलं आणि त्यांच्याकडून ब्रिटिश रेल्वेच्या रंगाढंगाची इंजिनं करून घेतली. त्यांचे तांत्रिक सल्लागार हेन्री ग्रीनली हे रेखाटनं काढण्यात वाकबगार. १९०९ मध्ये ग्रीनलींच्या संपादनाखाली ‘मॉडेल्स, रेल्वेज अँड लोकोमोटिव्ह्ज’ हे मासिक सुरू झालं. लगेच पुढच्या वर्षी लंडनमध्ये ‘द मॉडेल रेल्वे क्लब’ स्थापन झाला. तो आजही आहे आणि जगातला सगळ्यात जुना असा मान सांगतो. मासिक, दुकान आणि क्लब ही तीन पायांची तिवई या छंदाला तेव्हा मिळाली.

वाट पाहण्याला खरी धार आणली ती एका टोपणनावाने. १९२० च्या दशकात ‘मॉडेल इंजिनिअर’मध्ये ‘एल.बी.एस.सी.’ अशी सही दिसू लागली. लिहिणाऱ्याचं नाव लिलियन लॉरेन्स, मित्रमंडळींत ‘कर्ली’. एकेकाळी तो लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेत नोकरीला होता, तिचीच ही आद्याक्षरं. छोट्या इंजिनाचं पाणी स्पिरिटच्या दिव्यावर तापवावं, खरा कोळसा पेटवण्याच्या फंदात पडू नये, असा त्या काळी अनेक जाणत्यांचा कौल होता. लॉरेन्सला तो मान्य नव्हता. त्याच्याकडे ‘आयेशा’ नावाचं अडीच इंच गेजचं इंजिन होतं. आत खऱ्या इंजिनासारखाच नळ्यांचा बॉयलर, त्यात कोळसा, आणि मागे जिवंत माणूस बसवून ते ओढून न्यायचं. पत्रव्यवहाराच्या सदरात वाद पेटला. ग्रीनलींसारखा मातब्बर माणूस विरुद्ध बाजूला. ‘बॉयलरची लढाई’ या नावाने तो वाद अजून सांगितला जातो. त्यातली गंमत वेगाची आहे. एकाने टोला हाणला की त्याचं उत्तर यायला अंक मध्ये जायचा, आणि तेवढ्या वेळात वाचकांपैकी कुणी ना कुणी दोन्ही प्रकारचे बॉयलर प्रत्यक्ष पेटवून पाहायचा. त्यामुळे पुढच्या अंकात मतांच्या जोडीला पुरावाही यायचा. अखेर कोळसाच जिंकला.

मग लॉरेन्सला स्वतःचं सदर मिळालं आणि ते त्याने दशकानुदशकं चालवलं. एकेक इंजिन तो अनेक अंक पुरवून पुरवून सांगे. या वेळी चौकटीचे दोन पत्रे कसे कापायचे. पुढच्या अंकात आस आणि चाकं. मग सिलिंडर, मग वाफ आत-बाहेर सोडणाऱ्या झडपांची हालचाल, सगळ्यात शेवटी बॉयलर. आता वाचकाच्या बाजूने पाहा. शनिवारी दुपारी त्याने दोन्ही पत्रे एकत्र आवळून कानस मारली, भोकं पाडली, कडा जुळवल्या. सिलिंडर नेमका कुठे बसणार हे त्याला ठाऊक नाही, कारण ते माप अजून छापून यायचं आहे. पुढे पळता येत नाही. मागे रेंगाळावं तर पुढचा भाग येऊन पडेल आणि आपली चौकट तशीच राहील. अंकाच्या चालीने त्याचा लेथ चालायचा. पाकिटात तयार सुटे भाग मिळण्याच्या आधीच्या काळात शेकडो खोपटांमध्ये एकच इंजिन एकाच टप्प्यावर उभं असायचं. लिहिणारा शिकवत होता, आणि शाळेची घंटा पोस्टमन वाजवत होता.

लहान मुलांच्या वाटेवर मात्र कंपन्यांचं लक्ष होतं. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी यांनी मेकॅनोच्या पट्ट्या-बोल्टांचा खेळ काढला आणि १९१६ मध्ये ‘मेकॅनो मॅगझिन’ सुरू केलं. सुरुवातीला मोजकी चार पानं. १९२० मध्ये हॉर्नबीच्या चावीच्या गाड्या आल्या, आणि मासिकातून मुलांना पूल, धरणं, जहाजं, विमानं यांच्या गोष्टींबरोबर नवा माल कळू लागला. कारखान्याच्या घरच्या पत्रकातून मोठं मासिक वाढावं, हे मराठी वाचकाला नवं नाही. त्याच १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. नांगर आणि चरकांच्या कारखान्याचं ते पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घरोघरी गेलं. फरक इतकाच की किर्लोस्करांचं मासिक कारखान्याच्या मालापासून दूर गेलं आणि हॉर्नबीचं मालाच्या जवळच राहिलं. डिसेंबरच्या अंकातलं पान उघडं ठेवून वडिलांच्या खुर्चीजवळ विसरून येणं, हे त्या मुलांचं नाताळचं मुख्य काम.

नुसत्या छोट्या रेल्वेला वाहिलेलं ‘मॉडेल रेल्वे न्यूज’ १९२५ च्या जानेवारीत आलं. प्रकाशक पुन्हा पर्सिव्हल मार्शलच, संपादक जे. एन. मॅस्कलाइन. तोवर गाड्या लहान होऊ लागल्या होत्या. पहिल्या महायुद्धानंतरच्या घरात बैठकीच्या खोलीभर ४५ मिलिमीटर गेजचे रूळ पसरायला जागा कुठली? ३२ मिलिमीटरचं ‘ओ’ गेज रुळलं, आणि १९२२ च्या सुमारास त्याच्याही निम्म्या मापाची, जेवणाच्या टेबलावर मावणारी गाडी बाजारात आली. इथे ब्रिटिशांनी एक घोटाळा करून ठेवला. त्यांची खरी इंजिनं युरोपच्या इंजिनांहून अंगाने लहान. त्यांच्या बोगद्यांत आणि पुलांखाली जागाच तेवढी. तेव्हाच्या मोटारी आणि यंत्रं एवढ्या लहान सांगाड्यात बसेनात. मग त्यांनी वरची गाडी एका फुटाला ४ मिलिमीटर या प्रमाणात मोठी केली, आणि खालचे रूळ १६.५ मिलिमीटरचेच ठेवले, जे साडेतीन मिलिमीटरच्या प्रमाणाचे होते. हिशेब केला तर ४ फूट साडेआठ इंचांचा खरा रूळ या ‘डबल ओ’ छोट्या जगात ४ फूट दीड इंचाचा झाला. सात इंचांचा हा फरक समोरून पाहताना डोळ्यांत खुपतो. तो मान्य करायचा की सगळं नव्याने मोजायचं, यावर नंतरची कित्येक दशकं ब्रिटिश मासिकांची पत्रव्यवहाराची पानं भरत राहिली. घराघरांत चालू असलेला हा तंटा दर महिन्याला तिथे सुनावणीला यायचा.

अमेरिकेत वाट मापाचीच होती, पण तिथे ती लवकर फळली. महामंदी ऐन भरात असताना विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहरात ए. सी. कॅल्मबाक या छपाईचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने १९३४ च्या जानेवारीत ‘द मॉडेल रेलरोडर’चा पहिला अंक काढला. लोकांच्या हाताला काम नाही आणि खिशात पैसा नाही, अशा वेळी छंदाचं मासिक चालणार कसं? पण ज्यांच्याकडे वेळ होता त्यांना लाकडाचा तुकडा, पत्रा आणि कागदावरचं माप पुरेसं होतं. अडचण निराळीच होती : एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालत नसे.

हे नेमकं कुठे अडतं ते सांध्याजवळ खाली वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथे चाकाच्या आतल्या कडेला जायला वाट हवी, म्हणून रुळात फट ठेवतात. त्या फटीवर क्षणभर चाकाला धरायला कुणी नसतं. ते भलत्या बाजूला घुसू नये म्हणून पलीकडच्या रुळाच्या आत आणखी एक छोटा रूळ लावतात. तो जोडीच्या दुसऱ्या चाकाला पाठीकडून धरतो आणि सगळा आस आपल्याकडे ओढून ठेवतो. म्हणजे सारं काही दोन चाकांच्या पाठींमधल्या अंतरावर अवलंबून. ते अर्ध्या मिलिमीटरने चुकलं की चाक फटीच्या टोकावर आदळतं आणि डबा खाली. प्रत्येक कारखानदार हे अंतर आपापल्या मर्जीने ठेवत होता. १९३५ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला मिलवॉकीतच हौशी लोक जमले आणि ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ स्थापन झाली. तिने मापं ठरवली, पुढे ती तपासायला खाचा पाडलेली छोटी धातूची पट्टी काढली. पट्टीच्या खाचेत चाक बसलं तर ठीक, नाहीतर पुन्हा घासा. ठरलेली मापं गावोगावी पोचवायला, त्यांवर भांडायला आणि सुधारायला मासिकं होतीच. छंदाचा कायदा तिथे ग्राहकांनी केला आणि कारखानदारांना पाळायला लावला.

दुसऱ्या महायुद्धात गाड्यांचे कारखाने शस्त्रांच्या कामाला लागले आणि कागद रेशनवर गेला. ‘मेकॅनो मॅगझिन’चा आकार लहान झाला, पानं पातळ झाली. ज्या गाड्या बनतच नव्हत्या त्यांच्याबद्दल लोक वाचत होते. पण या सवयीचा चिवटपणा दिसतो तो युद्ध संपल्यावर, हरलेल्या देशांत. जपानमध्ये १९४६ मध्ये ‘तेत्सुदो मोकेई शुमी’ हे छोट्या रेल्वेचं मासिक निघालं. बॉम्बवर्षावात बेचिराख झालेल्या न्यूरेंबर्गमधून वेर्नर वाल्टर वाइनश्टोटर यांनी १९४८ मध्ये ‘मिनिआटूरबानेन’ सुरू केलं; पुढे ‘मिबा’ या नावाने ते जर्मन छंदाचा कणा झालं. फ्रान्समध्ये ‘लोको-रेव्ह्यू’ १९३७ पासून होतंच, आणि पूर्व जर्मनीतही १९५२ मध्ये ‘डेअर मोडेलआयझेनबानर’ आलं. डोक्यावर धड छप्पर नसलेली माणसं रूळ, सिग्नल आणि वेळापत्रकं यांविषयी वाचायला पैसे मोजत होती. ज्यांची शहरं आणि खऱ्या रेल्वे उद्ध्वस्त झाल्या होत्या, त्यांना वेळेवर सुटणारी एक तरी गाडी हवी असणार.

ब्रिटनमध्ये १९४९ च्या शरदात ‘रेल्वे मॉडेलर’ सुरू झालं आणि वाट पाहण्याचं कारण पुन्हा बदललं. प्रकाशक इअन अ‍ॅलन यांच्याकडून ते लवकरच सिडनी प्रिचर्ड यांच्या पेको कंपनीकडे गेलं. पेको रूळ आणि सांधे बनवणारी. म्हणजे पुन्हा कारखान्याचं मासिक. पण संपादक सिरिल फ्रीझर यांनी पाव शतकाहून अधिक काळ ते वाचकांच्या घरातून चालवलं. सर्वसाधारण हौशी माणसासाठी असं ब्रीद त्यांनी उघडपणे मिरवलं, आणि दर महिन्याला कुणातरी एका वाचकाची रेल्वे सविस्तर छापली. लेथ नसलेला, पगार बेताचा, एक खोली कशीबशी मिळालेला माणूस हे पाहून म्हणायचा, एवढं तर मलाही जमेल.

फ्रीझर स्वतः रूळमांडणीचे आराखडे काढण्यात पटाईत. १९५७ मध्ये त्यांनी छापलेला ‘मिनोरीज’ नावाचा आराखडा आजही गिरवला जातो. सात फुटांच्या आसपास लांबीची, मध्ये घडी पडणारी अरुंद फळी, त्यावर मोठ्या शहरातलं शेवटचं स्टेशन, तीन फलाट. गोम सांध्यांच्या रचनेत आहे. येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही रुळांवरून कुठल्याही फलाटाला जाता येतं, आणि तरीही लांब डब्यांना डावीकडून लगेच उजवीकडे असा हिसका जवळजवळ कुठेच बसत नाही. असा हिसका बसला की डबे एकमेकांना ढकलून रुळावरून उतरतात. थोड्या जागेत तो चुकवणं हीच खरी कसोटी. अंक हाती पडला की वाचक स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदी सांधे कापून मांडून पाहत; पुढच्या महिन्यात कुणीतरी त्यात एक मालधक्का वाढवून पाठवी, आणि त्यापुढच्या महिन्यात तिसरा त्यातली चूक काढी.

या पानांवर पाद्री मंडळी बरीच भेटतात. रेव्हरंड पीटर डेनी यांनी कल्पनेतली ‘बकिंगहॅम’ शाखा उभी केली आणि वर्षानुवर्षं तिचा वृत्तांत लिहिला. गाड्या मनाला येतील तशा फिरवायच्या नाहीत. वेळापत्रक पाळायचं, एका सिग्नल केबिनने दुसरीला घंटी द्यायची, तिने उत्तर द्यायचं. पलीकडच्या टोकाला त्यांचा मुलगा क्रिस्पिन असायचा. तो नसेल तेव्हा काय करायचं? डेनींनी त्याच्या जागी घंटीला उत्तर देणारं आणि गाड्या सोडणारं एक यंत्रच बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’. ‘थॉमस’ या निळ्या इंजिनाचे जनक रेव्हरंड ऑड्री यांनीही आपल्या छोट्या रेल्वेचा लेख याच मासिकात १९५९ मध्ये लिहिला. वाचक आता नकाशाची नव्हे, माणसांची वाट पाहत होते. डेनींच्या शाखेवर यंदा काय नवं झालं, हे कादंबरीच्या पुढच्या प्रकरणासारखं कुतूहल होतं.

अमेरिकेत अशी ओढ जॉन अ‍ॅलन यांनी लावली. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे त्यांच्या घराच्या तळघरात जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, दऱ्या आणि पूल होते. ते मुळात फोटोग्राफर. उजेड कसा पाडायचा हे जाणणारे. ‘मॉडेल रेलरोडर’मधली त्यांची छायाचित्रं पाहून लोक आपल्या सपाट फळीकडे नाराजीने बघू लागले, आणि मग प्लास्टर कालवायला बसले. १९७३ च्या जानेवारीत अ‍ॅलन हृदयविकाराने गेले आणि काही दिवसांतच आग लागून ती रेल्वे नष्ट झाली. आज ती आहे ती जुन्या अंकांच्या पानांवर. या छंदातल्या बहुतेक निर्मितीचं असंच होतं. घर विकलं जातं, मुलांना रस नसतो, फळ्या करवतीखाली जातात. अंकाने त्यांची नोंद ठेवली, म्हणून जुने अंकही नव्याइतक्याच आस्थेने जपले जातात.

‘मॉडेल रेल्वे जर्नल’ आलं ते या सगळ्या भरभराटीनंतर. तयार माल मुबलक झाला, मासिकं वाढली, आणि त्यांतली बरीच पानं नव्या मालाच्या ओळखींनी भरली. त्यावर नाराज असलेल्यांनी खरे रूळ डोळ्यांपुढे ठेवून काम करणाऱ्यांसाठी हे वेगळं घर बांधलं. सात इंचांचा तो जुना घोटाळा ज्यांना सहन होत नव्हता, त्यांनी १९६० च्या दशकातच ४ मिलिमीटर प्रमाणाला शोभणारं १८.८३ मिलिमीटर गेज काढलं होतं. दशांशाचा दुसरा आकडासुद्धा सोडायचा नाही, अशी ही जात. एक मालवाघीण पुरी व्हायला महिना लागला तर त्यांना तो वाया गेला असं वाटत नाही. असा वाचक उशीर झाला म्हणून अंक सोडत नाही; त्याचं स्वतःचं इंजिनही गेल्या वर्षीच व्हायला हवं होतं.

भारतातल्या हौशी माणसाच्या वाटेत समुद्र होता. विलायती खेळण्यांच्या आयातीवरचे निर्बंध उठता उठता २००१ साल उजाडलं. तोवर परदेशी मासिक मिळायचं ते बोटीच्या टपालाने, नाहीतर कुणी नातलग तिकडून येताना घेऊन यायचा, नाहीतर जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडायचं. जाहिरातीतली गाडी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. वाचूनच हौस फेडायची आणि मिळेल त्या पत्र्या-पुठ्ठ्यातून काही जमतं का पाहायचं. तरीही पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी अशी मांडणी उभी केली की १९९८ पासून तिचं संग्रहालय लोकांसाठी खुलं आहे. रस्ते, दिवे, सर्कस असलेलं छोटं गाव आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या पाहायला शाळांच्या सहली येतात. छोटी रेल्वे ही श्रीमंत घरातल्या पोराची चैन, हा समज अनेकांचा तिथे गळून पडला असेल.

गेल्या वीस वर्षांत या वाटेचा एक मोठा भाग संपला. नव्या मालाची बातमी आता कागदाची वाट पाहत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत ‘मॉडेल रेलरोड हॉबीइस्ट’ हे फुकट मिळणारं, पडद्यावर वाचायचं मासिक निघालं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये कार्स्टन्स पब्लिकेशन्स बंद पडली आणि १९३३ पासून चालत आलेलं ‘रेलरोड मॉडेल क्राफ्ट्समन’ मध्येच थांबलं. दुसऱ्या प्रकाशकाने हाती घेतलं म्हणून ते वाचलं. नव्वद वर्षं कॅल्मबाकच्या घरात असलेलं ‘मॉडेल रेलरोडर’ही २०२४ मध्ये विकलं गेलं. ज्यांना फक्त बातमी हवी होती ते वाचक गेले. उरले ते करून पाहणारे. कुणीतरी वर्षभर राबून केलेलं काम, संपादकाने पारखून घेतलेलं, चार ठिकाणी मापं तपासलेलं, आणि सगळ्यांनी एकाच सुमारास वाचलेलं, याची वाट अजून पाहिली जाते, कारण हे पडद्यावर आपोआप जमत नाही. तिथे प्रत्येक जण वेगळ्या वेळी वेगळं काहीतरी पाहत असतो. मग वाद होतात, पण निकाल लागत नाही.

आपल्याकडे निकालाची गरज नेमकी इथे आहे. भारतीय ब्रॉडगेज साडेपाच फुटांचं, म्हणजे १६७६ मिलिमीटर. फुटाला साडेतीन मिलिमीटर या जगभर चालणाऱ्या प्रमाणात ते १९.२५ मिलिमीटर होतं, फुटाला ४ मिलिमीटर धरलं तर बरोबर २२. बाजारात मिळणारा रूळ १६.५ चा. म्हणजे डेक्कन क्वीनचे डबे त्यावर चढवले की रूळ ब्रिटिशांच्या डबल ओपेक्षाही अधिक अरुंद दिसतो. माथेरानची दोन फुटी गाडी साडेतीनच्या प्रमाणात ७ मिलिमीटरवर येते. सर्रास मिळणाऱ्या ९ मिलिमीटरच्या रुळावर ती रुंद पडते. हे डोळ्याआड करायचं की १९.२५ च्या रुळासाठी चाकं, आस आणि सांधे नव्याने बसवायचे? एकट्याने घरात बसून ठरवलं तर ते एका घरापुरतं ठरतं. इंग्लंड-अमेरिकेत हे ठरलं कारण एकाने माप छापलं, दुसऱ्याने महिनाभर खपून चाक फिरवून पाहिलं, तिसऱ्याने पुढच्या अंकात चूक दाखवली, आणि चौथ्या महिन्यात मापाची पट्टी कापली गेली. आपल्या रुळांचं माप ठरायचं तर आपल्यालाही तेवढे महिने आणि तेवढे अंक खर्ची घालावे लागतील.